मागचा अर्थ

नवतपाचा तिसरा दिवस. कडबी चौकाच्या अलीकडे
माझ्या टिनाच्या शेडखाली पाना हातात धरवत नाही,
म्हणून फैजान पाने बादलीत बुडवून ठेवतो
आणि मागितला की पाण्यातून काढून देतो,
मासोळी दिल्यासारखा.

इंद्रपालनं गाडी लावली. बारा सीटर, पांढरी,
दारावरच्या रुग्णसेवेतला 'रु' उडालेला.
म्हणाला, "भाऊ, मागचा एसी फेकूनच नाही राहिला.
समोर तं मस्त आहे. मागं नुसता चूप.
एकानं गॅस भरला, अठराशे घेतले,
तं समोरच अजून थंडा झाला."

"कधीपासून?"
"आताच. म्हणजे नवी एक बाई आली, तिनं काल सांगितलं.
म्हणून आताच."

समोर गार आहे म्हणजे गॅस आहे, कॉम्प्रेसर आहे.
फ्यूज काढून उन्हाकडे धरला: आतली तार शाबूत.
रिलेवर बोट ठेवून स्विच दाबायला लावला:
टक्.
छताचं पॅनल उतरवलं. ब्लोअर हातानं फिरतो, अडकत नाही.
मीटर लावलं: बारा पॉइंट तीन.
फैजान म्हणे, "करंट तं येऊन राहिला उस्ताद.
मोटर गेली. नवी टाकू."

बावीस वर्षांपूर्वी मीही एक चांगली मोटर अशीच बदलली होती.
पैसेही घेतले होते.
त्या माणसाचा नंबर असता तर.

मीटर खोटं बोलत नाही, पण त्याला ओझं उचलावं लागत नाही.
बल्ब लाव. मीटर नुसतं विचारतं, बल्ब मागतो.
लाल वायर आणि काळी वायर: अंधार.
लाल वायर आणि गाडीचं लोखंड: लख्ख.

"म्हणजे?"
"म्हणजे येतो आहे, परत जायला रस्ता नाही.
अर्थ नाही मिळत."

काळी वायर जिथं बॉडीला टेकते, त्याला आम्ही अर्थ म्हणतो.
एक मास्तर यावर हसला होता एकदा, बिल देता देता.
काय हसला, ते मला त्या दिवशी कळलं नव्हतं.

काळी वायर छतातून खांबात, खांबातून मॅटखाली,
शेवटच्या सीटच्या पायाशी. सीटचे चार बोल्ट काढले.
खाली लग्नपत्रिकेचा पुठ्ठा, घडी घालून पंखा केलेला,
कडा बोटांनी काळ्या पडलेल्या,
तारीख मागच्या वर्षीच्या एप्रिलची.
एक दुपट्टा, भिजून भिजून पापडासारखा वाळलेला.
आणि कांदे. तीन. लू लागू नये म्हणून खिशात घेतलेले,
खिशातून घरंगळलेले, सुकून गोट्या झालेले.
एकाला कोंब आला होता. तोही सुकला होता.

"कोण बसते बे इथं?"
"डायलिसिसवाले. पारडीचे, कळमन्याचे.
आठवड्यातून तीनदा मेडिकलले.
पाणी बी मोजूनच पेतात ते."
"अन् बोललं नाही कोणी?"
इंद्रपाल बादलीकडे पाहत राहिला.
"वाघाडे बुढ्याले इचारलं काल.
तं म्हणे, आम्हाले वाटलं, मागं असतच नाही."

बोल्ट गंजून बोरासारखा फुगला होता.
ओल्या दुपट्ट्यांचं पाणी गळून गंजला असेल.
की आधी तो गंजला, मग दुपट्टे आले?
सांगता येत नाही. मीही विचारलं नाही.

पॉलिश पेपरनं घासला, लोखंड चमकेपर्यंत.
नवा लग दाबला, वरून व्हॅसलीन.
पाऊण तास. सामान चाळीस रुपयांचं.
स्विच दिला तशी जाळीनं आधी धूळ फेकली,
दोन उन्हाळ्यांची, सगळी माझ्या तोंडावर,
आणि मग गार.

मी शेवटच्या सीटवर बसून राहिलो थोडा वेळ.
"झालं ना भाऊ?" समोरून इंद्रपाल.
झालं होतं.

फैजाननं कांदे फेकले, दुपट्टा फेकला.
पंखा मी त्याच्या हातून घेतला
आणि सीटच्या खिशात परत ठेवला.
पहिले दोन दिवस त्यांचा विश्वास बसणार नाही.